ट्रंकेतील कागद आणि दप्तरातील नक्कल



मांडवगड म्हटले की राणी रूपमती आणि बाजबहादूर ही नावे प्रथम ओठांवर येतात. या गडाचा जमिनीच्या कागदपत्रांशीही जुना संबंध आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. इ. स. १२६१ मध्ये परमार राजा जयवर्मा याने मंडपदुर्गाहून, म्हणजे याच मांडूहून, एका गावाचे दानपत्र दिले. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले ते दानपत्र नर्मदाकाठी मांधाता येथे मिळाले. देणारा कोण, घेणारे कोण, गाव कोणते, हे सारे त्यात आहे. कागद जळतो, भिजतो, वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतो, म्हणून तांबे. तथापि तांब्याचाही भरवसा नाही. कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने सातव्या शतकात, पूर्वजाचे ताम्रपट जळाले म्हणून नवे कोरून दिले, असे त्याच्या निधनपूर ताम्रपटातच नमूद आहे.

प्रश्न पुरातन खरा; परंतु ज्या घरी तो उभा राहतो त्या घराला त्याची झळ नवीनच असते. मांडव येथील एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. घरातील कर्ता पुरुष निवर्तला. पावसाळा तोंडावर आला आहे आणि छप्पर गळते आहे. मांडव हे तर संरक्षित स्मारकांचे गाव. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेनुसार स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, तर त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. निषिद्ध क्षेत्रातील जे घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल, त्याच्या मालकास दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. म्हणजे घर आपले आहे आणि ते त्या तारखेपूर्वीचे आहे, ह्या दोन्ही गोष्टी दाखविणे आले. घरातील वृद्ध माउली ट्रंक उघडते. आत लग्नपत्रिका निघतात, मुलांच्या गुणपत्रिका निघतात, विम्याच्या पावत्या निघतात. खरेदीखत मात्र निघत नाही. कागद नाही तर घरही नाही, असे कोणीतरी जाणता म्हणविणारा तिला सांगतो, आणि तिची झोप उडते.

हे सांगणे चुकीचे आहे. दस्त नोंदविला जातो तेव्हा मूळ प्रत पक्षकारास परत मिळते, परंतु तिची संपूर्ण नक्कल दुय्यम निबंधकाच्या दप्तरी राहते. स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूची फी भरून कोणासही पाहता येतात. त्यासाठी वारस असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. सूची क्रमांक एक नावांची, क्रमांक दोन मिळकतींची. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ अन्वये मिळालेली सही-शिक्क्याची नक्कल मूळ दस्तातील मजकुराचा पुरावा म्हणून ग्राह्य आहे.

शोध घेताना बहुतेकांची चूक होते ती येथे. मयत व्यक्ती राहत होती त्या शहरी ते हेलपाटे घालतात. वास्तविक नोंदणी होते ती मिळकत ज्या हद्दीत आहे तेथील कार्यालयात. माणूस पुण्यास वारला तरी धारच्या घराचा दस्त धारकडेच शोधावयास हवा. यास एक अपवाद ध्यानात ठेवावा. मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथील निबंधकांना देशातील कोणत्याही मिळकतीचा दस्त नोंदविण्याची मुभा २००१ सालापर्यंत होती. ज्यांचे वडील मुंबईस नोकरीला होते त्यांनी तेथील सूचीही पाहावी.

माळव्यातील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक गुंता असतो. देवास येथे तुकोजी व जिवाजी पवार या दोघा बंधूंच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या १९४८ पर्यंत नांदल्या. शहर एक, कारभार दोन. म्हणून देवासचा जुना कागद शोधणाऱ्याने आपले घर कोणत्या पातीत मोडत होते, हे प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. ते सांगणारे आहेत तोवरच विचारावे. या संस्थानांतील जुने कागद पुष्कळदा मोडी लिपीत असतात. वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेलेल्या कागदांची गणती कोणी ठेवलेली नाही. मात्र दरबारची सनद सापडली म्हणून हुरळूनही जाऊ नये. मध्य भारतात जहागिरी १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आल्या. त्यानंतर ती जमीन कोणाच्या नावे राहिली, हे महसुली दप्तरच सांगेल.

कित्येक ‘हरवलेले’ दस्त कर्ज देणाऱ्या बँकेच्या तिजोरीत सुरक्षित असतात. घरावर कधी कर्ज काढले होते काय, हे पासबुकावरून पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करणे बँकेस बंधनकारक असून, तिच्यामुळे विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई आहे. मृत्युपत्राचीही चौकशी करावी. ते मोहोरबंद लखोट्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय कायद्यात आहे, आणि ठेवणाऱ्याच्या पश्चात अर्ज केल्यास लखोटा उघडला जातो.

दस्त खरोखरीच गहाळ असेल तर पोलिसांत खबर द्यावी व वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, म्हणजे भलत्याने तो गहाण टाकण्यास आळा बसेल. वारसाची वर्दी मध्य प्रदेशात सहा महिन्यांच्या आत, महाराष्ट्रात तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. त्या वर्दीत विधवेचे व मुलींचे नाव गाळण्याची खोड अजून गेलेली नाही. दस्त हाती नसताना तर ती अधिकच फोफावते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगा व मुलगी यांस पहिल्या वर्गाचे वारस मानले आहे. शिवाय फेरफाराची नोंद सारावसुलीपुरती असते. तिने मालकी मिळत नाही, तशी जातही नाही.

मांडवच्या त्या माउलीपुढे घराच्या वयाचा प्रश्न उरतो. घरपट्टीच्या व विजेच्या जुन्या पावत्या त्यासाठी उपयोगी पडतात, पण सर्वांत दुर्लक्षित साधन शेजाऱ्याच्या दस्तात असते. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. १९९२ पूर्वी शेजारचे घर विकले गेले असेल, तर त्या दस्तात ‘पूर्वेस अमक्याचे घर’ अशी तिच्या पतीच्या नावाची ओळ असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते पुस्तकही क्रमांक एकचेच असते. फी भरून तिला ते पाहता येते.