तीन आकडी उत्तर



आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाने स्मृतिव्याख्यानासाठी इंटरनेटचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रश्न आणि उत्तर हा भाषेचाच व्यवहार आहे. आणि न उमगलेल्या उत्तरामुळे माणसाचे नुकसान होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मीसेवा केंद्रावर गेलेला विद्यार्थी ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच ऐकून परततो. दोष अर्जात होता की पलीकडच्या यंत्रात, हे त्याला कळत नाही. यंत्राने मात्र ते पुष्कळदा सांगितलेले असते.

आपण एखादे पान मागितले की ते राखणारा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, आधी एक तीन आकडी संख्या पाठवतो. १९९१ च्या मूळ पद्धतीत ही संख्या नव्हती. अपयशाची वार्ताही साध्या पानाच्या रूपानेच येई आणि माणसाने वाचल्याखेरीज ती उमगत नसे. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात या संख्या रीतसर नोंदल्या गेल्या.

यातला पहिला अंक सर्वांत बोलका. २ म्हणजे काम झाले. ३ म्हणजे अन्यत्र पाहा. ४ म्हणजे मागणीत काही चुकले आहे. ५ म्हणजे मागणी योग्य असेलही, पण मीच असमर्थ आहे. वाक्यात आपण कर्ता शोधतो, तसा ४ आणि ५ यांच्यामध्ये दोषाचा कर्ता सापडतो. ४०० आले तर पाठवलेली माहिती तपासावी. ४०३ म्हणजे ‘समजले, पण देणार नाही’. ५०३ आले तर अर्जात खाडाखोड करण्यात अर्थ नाही, थोड्या वेळाने पुन्हा यावे. किती वेळाने, हेही सर्व्हर कधी कधी कळवतो. आणि तो खरोखरच बंद पडला असेल, तर त्याच्याकडून आकडाही येत नाही! म्हणून शेवटच्या दिवशी अर्ज अडला, तर पडद्यावरचा आकडा तारीख-वेळेसह वहीत टिपून घ्यावा.

४०४ सर्वांना परिचित. सर्न या संस्थेतील त्या क्रमांकाच्या खोलीवरून हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. ती दंतकथा असल्याचे बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनीच स्पष्ट केले आहे. ४०४ म्हणजे ‘सापडले नाही’, एवढेच. ते पूर्वी होते का, पुढे मिळेल का, याविषयी तो आकडा मौन पाळतो. कायमचे नाहीसे झाल्याचे ठाऊक असेल तर ४१० म्हणावे, कायमचे स्थलांतर झाले असेल तर ३०१.

हा भेद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून निघून नांदेड जिल्ह्यात गेले. राजुरा पुढे १९५९ मध्ये चांद्याला जोडले गेले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचेच चार जिल्हे झाले. बासरची सरस्वती जागची हलली नाही, पत्ता मात्र निर्मल जिल्ह्याचा झाला. जुन्या पत्त्यावर चौकशी करणाऱ्याला ‘येथे असे काही नाही’ म्हणून वाटेला लावणे, हे ४०४. ‘कायमचे तिकडे गेले, यापुढे तिकडेच विचारा’, हे ३०१. पहिले उत्तर खोटे नव्हे, पण दुसरे माणुसकीचे आहे.

संख्येसोबत पूर्वी एक छोटे इंग्रजी वाक्यही येई. त्याऐवजी स्थानिक पर्याय वापरण्यास १९९६ च्या दस्तऐवजात मुभा होती. २०१५ च्या नव्या आवृत्तीत ते वाक्यच गळाले. उरला तो आकडा. माणसाला दिसणाऱ्या पानावर शब्द लिहिता येतातच, आणि ते तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी कोणत्याही भाषेत असू शकतात. मात्र काही ठिकाणी पानावर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहून आकडा २०० पाठवला जातो. तोंडाने नाही आणि मानेने होय! वाचणारा माणूस सावध होतो, पण आकड्यावर विसंबणारी यंत्रे फसतात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. फेब्रुवारी २०१६ मध्ये ४५१ हा आकडा नियमांत आला. पुस्तके जाळणाऱ्या राज्याची कथा सांगणाऱ्या रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या कादंबरीच्या नावातून तो घेतलेला आहे. कायद्याच्या कारणाने पान रोखले असेल, तर हा आकडा द्यावा, आणि ते कोणी व कोणत्या कायद्याने रोखण्यास सांगितले हेही पानावर लिहावे, अशी त्या नियमाची अपेक्षा आहे.