हाताशी आहे ते आधी वापरा
(वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



पालक भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते, "सर, आमची परिस्थिती नाही, क्लासची फी कोठून आणावी?" ही तक्रार खोटी नाही. परंतु फीसाठी कर्ज काढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. जे फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळते, त्याचा आपण पुरेपूर उपयोग करतो काय?

माझेच उदाहरण सांगतो. मी उर्दू माध्यमात शिकलो. शाळेत गणितात माझा नंबर वरचा असे. कॉलेजात विज्ञान शाखेला गेलो आणि नापास झालो. वर्गात ट्रँगल, एरिया, फ्रॅक्शन असे शब्द भराभर पुढे जात आणि मी मनात मुसल्लस, रकबा, कसर शोधीत मागे राही. गणित येत होते, शब्द येत नव्हते. पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानात शाळेतल्याच गणिताचे इंग्रजी पुस्तक मिळाले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचू लागलो, तेव्हा वाट मोकळी झाली. ते पुस्तक आधी घेतले असते, तर माझे एक वर्ष वाचले असते.

आज तुम्हांला दुकानही शोधावे लागत नाही. १९६७ साली स्थापन झालेली पुण्याची बालभारती उर्दू, मराठी, इंग्रजी अशा अनेक भाषांत पाठ्यपुस्तके काढते आणि ती तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. गणित-विज्ञानाचा धडा तोच, आकृती तीच, फक्त भाषा वेगळी. नववीपासून रोज एक पान दोन्ही भाषांत वाचा. नवे शब्द वहीत तीन रकान्यांत लिहा: उर्दू, मराठी, इंग्रजी. धड्याखालचा स्वाध्याय पुस्तक मिटून सोडवा. गाईड त्यानंतर उघडावे, आधी नव्हे.

दुसरी अडचण जागेची. एका खोलीत सात-आठ माणसे, तेथे अभ्यास कसा व्हावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थीजीवन परळच्या चाळीतील अशाच एका खोलीत गेले. वडील, रामजी सुभेदार, मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. खोली मोठी झाली नव्हती, तिची वेळ वाटून घेतली होती. पालकांनो, घरात टी.व्ही. दोन तास बंद ठेवणे आपल्या हाती आहे. मोबाईल एक आणि मुले तीन असतील, तर प्रत्येकाचा तास ठरवून भिंतीवर लिहा. त्यात मुलीचा तास भांड्यांच्या वेळेत घालू नका.

घरी जमत नसेल तर आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहे. ते १८४० पासूनचे आहे. आपल्यापैकी कितीजणांनी त्याची पायरी चढली आहे? अम्मी-अब्बांनी एकदा मुलांना, आणि विशेषतः मुलींना, बरोबर घेऊन जावे. पहिल्या दिवसाचा संकोच गेला, की मुले आपली आपण जाऊ लागतात.

ज्यांचे शिक्षण कामधंद्यामुळे किंवा लग्नामुळे सुटले, त्यांनीही निराश होऊ नये. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते याच नाशकात. नोकरी, गॅरेज वा संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ते आहे. दूरदूरच्या गावांतील माणसे त्याचा लाभ घेतात. मग आपण शेजारी राहून कोरडे का राहावे?

मित्रांनो, साधने कमी आहेत हे मान्य. पण उद्या कोणी विचारले, की होती त्यांचे काय केलेत, तर खाली मान घालण्याची वेळ येऊ नये. आज घरी गेल्यावर एक वही घ्या आणि तिच्यात तीन रकाने आखा. एवढे केलेत तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

जयहिंद!