गोठ्यातलं, शेतातलं, अंगणवाडीतलं पाचारण

आज मी एका शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द आहे ‘पाचारण’.

पाचारण म्हणजे बोलावणं. देवानं एखाद्याला कामासाठी बोलावलं, की आम्ही ख्रिस्ती माणसं म्हणतो, त्याला पाचारण झालं. पाळकसाहेबांना पाचारण झालं, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरला पाचारण झालं, असं आम्ही सहज बोलून जातो. पण पहाटे उठून शेण काढणारी, धार काढून डेअरीला दूध घालणारी बाई, तिला कुणी असं म्हणतं का? तीही स्वतःला म्हणत नाही. कुणी विचारलं तर सांगते, “मी काय, घरीच असते.”

आपल्या गटांत सगळ्या धर्मांच्या बायका आहेत. अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या शास्त्रात याबद्दल काय आहे, ते आज थोडं सांगते.

प्रभू येशू लोकांना शिकवू लागला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता, असं लूक लिहितो. त्याआधी तो सुतारकाम करायचा. नासरेथ गावचे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखत होते. म्हणजे रंधा, करवत आणि लाकडाचा भुसा यांत देवाच्या पुत्राची कितीतरी वर्षं गेली. ती वर्षं वाया गेली, असं आम्ही कधीच म्हणत नाही. मग तुमची-माझी वर्षं वाया कशी?

संत पौलानं गावोगाव मंडळ्या उभ्या केल्या, पण करिंथ शहरात तो पोटासाठी तंबू शिवत होता. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला यांचाही तोच धंदा होता. तो त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करी.

आणि यापो गावची टबीथा. तिला दुर्कस असंही म्हणत. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘शिष्या’ हा स्त्रीलिंगी शब्द फक्त एकदाच आला आहे, आणि तो या बाईसाठी. तिनं प्रवचन केल्याचं कुठं लिहिलेलं नाही. तिच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा शास्त्रात नाही. ती गरिबांना मदत करायची आणि कपडे शिवायची. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा पेत्राभोवती जमल्या आणि तिनं शिवलेले कपडे रडत रडत त्याला दाखवू लागल्या. टबीथाची साक्ष तिच्या टाक्यांनी दिली.

पुढं लोक हे विसरले. धर्माचं काम तेवढं देवाचं आणि बाकीचं पोटाचं, असं मानू लागले. जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं या समजुतीला धक्का दिला. १५२२ साली त्यानं लग्नसंसारावर एक पुस्तिका लिहिली. तीत तो म्हणतो, की बापानं विश्वासानं बाळाची दुपटी धुतली तर लोक त्याला हसतील, पण देव आणि देवदूत आनंदानं हसतील. मैत्रिणींनो, बाप धुतोय बरं का! हे आज घरी जाऊन जरूर सांगा.

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा तिथं आल्या. तिथं प्रार्थना होतीच, पण विणकाम, शिवण, शेती आणि छापखानाही होता. साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवण्याचं आणि छपाईचं काम तिथल्या बायकांनीच केलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. ज्यांना घरानं नको म्हटलं होतं, त्यांच्या हातांनी ओळीला ओळ लागून ते पुस्तक उभं राहिलं.

मग आपल्या कामात पाचारण कसं ओळखायचं? मी एक साधा प्रश्न विचारते: माझ्या या कामावर कोण विसंबून आहे? अंगणवाडीताईनं बाळाला काट्यावर ठेवून खरं वजन लिहिलं, तर कमी वजनाचं मूल वेळेवर नजरेत येतं. अंदाजानं आकडा टाकला, तर ते मूल कागदावर धडधाकट आणि घरात उपाशी राहतं. डेअरीला घातलेलं दूध कुणाच्या तरी लेकराच्या वाटीत जातं. कांदा निवडताना सडका कांदा बाजूला काढला, तर सगळी चाळ वाचते. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं येशूनं शिकवलं. ती प्रीती अशीच काट्यावर, किटलीत आणि चाळीत दिसते.

आता एक सावधगिरीचं बोलणं. पाचारण, सेवा हे गोड शब्द बाईला फुकट राबवण्यासाठीही वापरले जातात. “पुण्याचं काम आहे, पैसे कशाला मागतेस?” असं तुम्ही ऐकलं असेल. शास्त्र असं सांगत नाही. काम करणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, हे खुद्द येशूनं सांगितलं आहे. याकोबाच्या पत्रात तर आहे, की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत असते आणि ती ओरड देवापर्यंत पोचते. आणि मोशेच्या दहा आज्ञांत विसाव्याचा दिवस एकट्या घरधन्यासाठी ठेवलेला नाही. तो मुलीला, दासीला आणि गोठ्यातल्या गुरांनाही आहे. म्हणून कामाचं मोल मागणं आणि थकल्यावर टेकणं, यानं पाचारण कमी होत नाही. देवानं ज्या हातांना बोलावलं, त्या हातांची किंमत त्याला ठाऊक आहे.

या आठवड्यात गटाची बैठक भरेल तेव्हा हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपलं एक रोजचं काम सांगावं, आणि त्यावर कोण विसंबून आहे तेही सांगावं. जी म्हणेल “मी काहीच करत नाही, घरीच असते”, तिच्या कामांची यादी बाकीच्यांनी मिळून करावी. आणि त्यातल्या कुठल्या कामाचं मोल तिला मिळत नाही, हेही त्याच बैठकीत बोला.