कर्करोग-संशोधन आणि आपला दानधर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. वर्धा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात माझे आयुष्य गेले. वैद्यकीय विषयावर अधिकाराने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि या विषयाशी माझा संबंध दुर्दैवाने घरातूनच आला आहे, म्हणून हे धाडस करीत आहे.

आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे की, माझी सहधर्मचारिणी सात वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने निवर्तली. या रोगाचे नाव स्त्रियांसमक्ष सभेत उच्चारू नये, असे कोणास वाटत असेल तर त्यांनी मला क्षमा करावी. नाव न उच्चारल्यानेच आमचा घात झाला. पहिले वर्षभर तिने दुखणे बोलून दाखविले नाही, आणि मी विचारले नाही. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा उपायांची वेळ टळून गेली होती. तिच्या वर्षश्राद्धाच्या वेळी मी या सभागृहास चार पंखे दिले आणि भिंतीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी बसविली. ते पंखे या क्षणी आपल्या डोक्यावर फिरत आहेत. पंखे देण्यात गैर काही नाही. वर्ध्याचा वैशाख ज्याने सोसला आहे तो तसे म्हणणारही नाही. परंतु ज्या रोगाने तिला नेले, त्या रोगाशी माझ्या त्या दानाचा काडीचाही संबंध नव्हता, हे मला फार उशिरा उमगले.

पत्नीच्या मृत्यूनंतर दुसऱ्या एका गृहस्थाने काय केले, ते आता सांगतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने परलोकवासी झाल्या. दोराबजींनी 1932 साली त्यांच्या नावाने एक निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी जून महिन्यात स्वतः देह ठेवला. म्हणजे त्या निधीचे फळ पाहण्यास ते उरलेच नाहीत. निधीची योजना लक्षात घेण्यासारखी आहे. उत्पन्नाचे चार पंचमांश जगातील कोणत्याही देशात रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्यांस आणि एक पंचमांश हिंदुस्थानातील रोगनिवारणाच्या शास्त्रीय अभ्यासास द्यावयाचे होते. संशोधक पारशी असावा, अशी अट नव्हती. तो हिंदी असावा, अशीही नव्हती. दोराबजींनी पत्नीसाठी घेतलेला जुबिली नावाचा हिरा 245 कॅरटांचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा होता. त्यांच्या पश्चात तोही विकला गेला आणि ते द्रव्य त्यांच्या मुख्य धर्मादाय निधीस मिळाले. त्याच निधीतून मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 1941 रोजी झाले.

अशा निधीचा व्यवहार कसा चालतो, हे आपल्या हिशेबी मंडळींना चटकन कळेल. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही. ती सुरक्षित ठेवून केवळ उत्पन्न खर्चावयाचे. अर्ज विश्वस्त स्वतः निवडीत नाहीत; त्या शास्त्रातील जाणत्यांची समिती ते पारखते. मंजूर झालेल्या रकमेतून संशोधकाच्या निर्वाहाचे वेतन, प्रयोगाचे साहित्य, क्वचित परदेशी जाऊन शिकून येण्याचा खर्च भागतो. यांतील निर्वाहाची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संशोधक हाही संसारी मनुष्य असतो. त्यासही घरभाडे व किराणा चुकत नाही. माझा एक अत्यंत बुद्धिमान विद्यार्थी रसायनशास्त्रात संशोधन करीत होता. त्याची शिष्यवृत्ती मध्येच संपली आणि घरी धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. आज तो औषधांच्या दुकानात हिशेब लिहितो.

उलटपक्षी, आधार मिळाला म्हणजे काय घडते? टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. आपल्या लोकांच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी बारकाईने तपासला. कमरेस धोतर घट्ट कसल्याने वर्षानुवर्षे एकाच जागी घर्षण होऊन तेथे कर्करोग होऊ शकतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1945 साली प्रसिद्ध केले. तंबाखूची गोळी तोंडात धरण्याच्या सवयीकडेही त्यांनी लक्ष वेधले. (खर्रा घोटून खाणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी येथे कान द्यावा. मागच्या रांगेतून काहीजण आताच बाहेर गेले, ते कशासाठी गेले हे मास्तरास कळते.) त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे तयार झाल्या. 1949 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेत बाल्टिमोर येथे जाऊन शरीरातील पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या आत्मसात केली आणि परत येऊन मुंबईस तशी प्रयोगशाळा उभारली. 1982 साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. निधीने सुरू केलेले ते रुग्णालय 1957 साली सरकारने आपल्याकडे घेतले आणि 1962 पासून ते अणुशक्ती खात्याकडे आहे. खाजगी दानाने रोप लावावे व सरकारने त्यास पाणी घालावे, असा हा क्रम आहे.

आता माझ्या घरच्या दुःखाशी निगडित अशी गोष्ट सांगतो. हा रोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु खेड्यातील स्त्रीस त्याचा लाभ कसा पोचावा? आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 52 ग्रामसमूहांतील 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्था यांनी तो केला. द्रव्य अमेरिकेतील गेट्स दांपत्याच्या धर्मादाय निधीने पुरविले. स्त्रियांचे चार गट करून तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या केल्या. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी ज्यांची एकदाच झाली, त्या गटात या रोगाने 34 स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात 64. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणण्यासारखी घट दिसली नाही. चौथ्या गटास तपासणीवाचून ठेवले, याबद्दल पुढे कठोर टीका झाली, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. त्या 64 जणींत माझ्या पत्नीसारख्याच कोणी असतील. पैसा देणाराने असे प्रश्न आरंभीच विचारले पाहिजेत. परंतु एकच तपासणी अर्धे मृत्यू टाळू शकते, हे ज्ञान मराठी खेड्यांतून जगास मिळाले, आणि ते मिळण्यास दहा वर्षे लागली. दहा वर्षे ज्याची पाटी लागत नाही, असे हे दान आहे.

आपल्या जिल्ह्यातही असे एक निमूट काम चालते. जिल्ह्यात कर्करोगाचे रुग्ण किती, कोणत्या गावचे, कोणत्या अवयवाचे, याची नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत होते. देशातील अशी पहिली नोंदणी मुंबईत 1960 नंतरच्या दशकात इंडियन कॅन्सर सोसायटी या धर्मादाय संस्थेने सुरू केली. नोंदणीवाचून संशोधन म्हणजे हजेरीपटावाचून शाळा होय.

मंडळाच्या शिलकी निधीतून दुसऱ्या मजल्यावर देणगीदारांच्या नावाच्या चार खोल्या बांधाव्यात, असा ठराव आज येणार आहे. माझी उपसूचना अशी की, तीनच खोल्या बांधाव्यात. चौथ्या खोलीची रक्कम मुदतठेवीत ठेवून तिचे व्याज दरवर्षी कर्करोगाच्या अभ्यासास द्यावे. आपल्या घटनेत ‘शिक्षण व वैद्यकीय साह्य’ हे शब्द आहेतच. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एकदा विचारून घ्यावे म्हणजे पुढे वांधा नको. रक्कम लहान आहे, हे मी जाणतो. तिने प्रयोगशाळा उभी राहणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे काही महिन्यांचे घरभाडे निघेल, किंवा गावोगाव नोंदी घेत फिरणाऱ्याचा एस.टी.चा खर्च. हे साह्य कोणत्या रीतीने घेता येईल, हे दोघा सभासदांनी सेवाग्रामला जाऊन विचारून यावे. ‘विद्यार्थी आपल्या समाजाचा असेल तरच’, अशी दुरुस्ती कोणी सुचवील, याची मला कल्पना आहे. कार्यकारिणीत ती सुचविलीही गेली. माझ्या पत्नीच्या शेजारच्या खाटेवर जी बाई होती, तिची जात मला अद्याप ठाऊक नाही. रात्री तीच तिला पाणी देत असे. दुरुस्तीस माझा विरोध आहे.

माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाची रक्कम मी सकाळी कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. उपसूचना फेटाळली गेली तरी ती परत नको. पावतीवर मात्र माझे वा तिचे नाव न घालता मंडळाचेच नाव लिहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.