कंपनीचे वार्षिक विवरण आणि रोजचे शंभर रुपये

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून भावावर आणि निर्यातीवर बोलणे झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय रुक्ष आहे, कागदाचा आहे. मघाशी मी विचारले, गावात शेतकरी उत्पादक कंपनी आहे असे कोण कोण आहेत? निम्म्या मांडवाने हात वर केले. मग विचारले, गेल्या वर्षीचे विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल झाले का? बहुतेक हात खाली गेले. एकजण म्हणाला, "ते आमचा सीए बघतो." दुसरा म्हणाला, "आमचा धंदाच सुरू नाही, विवरण कशाचे द्यायचे?" या दोन वाक्यांतच आजचे सगळे भाषण आले.

आपल्याला सवय सोसायटीची. तिथे गटसचिव असतो, लेखापरीक्षक येतो, उपनिबंधकाची नोटीस येते, फारच झाले तर प्रशासक बसतो. ते चांगले की वाईट हा वेगळा विषय, पण काहीतरी बिघडले आहे एवढे गावाला कळते. कंपनीकडे कोणी फिरकत नाही. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला. एका सभासदाला एकच मत, हे सहकाराचे तत्त्व ठेवले आणि सहकार खात्याचा हात काढून टाकला. २०२० च्या दुरुस्तीने हेच प्रकरण २०१३ च्या कंपनी कायद्यात बसवले. खात्याचा हात गेला हे बरे झाले. पण त्याच्या जागी तारीख आली आहे, आणि तारीख चुकली हे सांगायला कोणी गावात येत नाही. संगणकावर आकडा वाढत राहतो.

तो आकडा समजून घ्या. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे. सभेनंतर मुख्य कागद दोन. तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक एओसी-४ या नमुन्यात. सभासद, भाग आणि संचालकांची माहिती एमजीटी-७ किंवा ७-ए या नमुन्यात. उत्पादक कंपनीच्या प्रकरणात कायदा सभेपासून साठ दिवस म्हणतो, एओसी-४ ला इतर कंपन्यांना तीस दिवस आहेत. तुम्ही ताळेबंदासाठी तीसच धरून चाला, वादात पडू नका.

वेळेवर भरले तर फी किती? पाच लाखांपासून पंचवीस लाखांच्या आत भागभांडवल असलेल्या कंपनीला एका नमुन्याला ४०० रुपये. दोन्हींचे ८००. सीएची फी वेगळी. आणि उशीर झाला तर? १ जुलै २०१८ पासून या दोन्ही नमुन्यांना प्रत्येकी रोज १०० रुपये जादा शुल्क आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. एक वर्ष उशीर म्हणजे एका नमुन्याचे ३६,५०० आणि दोन्हींचे ७३,०००. समजा तीन वर्षांची विवरणे थकली. सगळ्यांत जुने तीन वर्षे, मधले दोन, शेवटचे एक वर्ष उशिरा. बेरीज ४,३८,००० रुपये. तीनशे सभासदांनी हजार-हजार रुपये घातले असतील तर भांडवल झाले तीन लाख. म्हणजे कंपनी विकूनही हा कागद भरता येत नाही.

धंदा शून्य असला तरी हे चुकत नाही. व्यवहार निरंक असेल तर विवरण निरंक जाईल, पण गेले पाहिजे.

पैशापलीकडची गोष्ट संचालकांची. उत्पादक कंपनीला किमान पाच संचालक लागतात. ते कसे भरले गेले आपण जाणतो. कोणाची आई, कोणाची कारभारीण, कोणाचा शहरात नोकरीला असलेला मुलगा. अंगठा नाहीतर सही घेतली आणि आधारकार्डाची झेरॉक्स लावली. सलग तीन आर्थिक वर्षे विवरण गेले नाही तर कलम १६४ प्रमाणे हे सगळे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. त्या माउलीला ठाऊकही नसते. उद्या तिला महिलांच्या दुसऱ्या कंपनीत संचालक व्हायचे असेल तर दार बंद. ही कागदावरची भीती समजू नका. २०१७ साली केंद्र सरकारने एका झटक्यात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे रजिस्टरमधून काढली, तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवले आणि त्या कंपन्यांची खाती रोखायला बँकांना सांगितले. नाव काढल्यावर परत लावायचे तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जावे लागते. आपल्यासाठी ते मुंबईत आहे. गोदाम, चाळणी यंत्र, ट्रॅक्टर कंपनीच्या नावावर असेल तर तोवर त्याचे काय करणार?

हे का घडते, तेही बघू. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. एका संघटनेला तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चापोटी अठरा लाखांपर्यंत मदत. त्यातून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा आणि हिशेबनिसाचा पगार निघतो. तोपर्यंत कागद वेळेवर जातात. चौथ्या वर्षी मदत संपते, हिशेबनीस दुसरी नोकरी बघतो, पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये असतो आणि संचालकांच्या डिजिटल सह्या सीएच्या टेबलाच्या खणात असतात. बहुतेकांचा मीटर इथून सुरू होतो. म्हणून मदत चालू असतानाच दोन वर्षांचा लेखापरीक्षणाचा आणि फीचा खर्च वेगळा काढून ठेवा. खत-बियाण्याच्या दुकानात तो घालू नका.

वेळेचेही बघा. सप्टेंबरच्या शेवटी सभा धरली तर ताळेबंदाची तारीख ऑक्टोबरच्या शेवटी येते. सोयाबीन खळ्यात, कापूस वेचणीला, वर दिवाळी. तेव्हा कोण सह्या करतो? हिशेब मे महिन्यात बंद करा, लेखापरीक्षण जुलैपर्यंत उरका, सभा पोळ्याच्या आधी घ्या. चौदा दिवस आधी नोटीस लागते. गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. चारशे सभासद असतील तर शंभर माणूस बसलेला पाहिजे. घरोघर वही फिरवून सह्या घेण्याची पद्धत सोडा. त्या सभेच्या जोरावर जे विवरण जाते त्यावर तुमची सही असते.

आता सरकारला दोन शब्द. कलम ४४६-बी मध्ये कायद्यानेच मान्य केले आहे की उत्पादक कंपनीला दंड इतरांच्या निम्म्याहून जास्त लावू नये. शहाणपणाचे आहे. पण रोजचे शंभर रुपये हे 'दंड' नसून 'जादा शुल्क' आहे, त्यामुळे तिथे ही सवलत नाही. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कारखान्यालाही शंभर आणि आमच्या डाळमिलच्या कंपनीलाही शंभर. हा कोणता न्याय? २०२० साली जादा शुल्क माफ करून जुनी विवरणे भरू देणारी योजना आली होती, ती त्या वर्षाच्या डिसेंबरला संपली. उत्पादक कंपन्यांच्या जादा शुल्काला कायमची मर्यादा असावी, भागभांडवलाच्या प्रमाणात. हा ठराव आज आपण घ्यावा असे मी सुचवतो. पण ठराव झाला म्हणून मीटर थांबत नाही, तेव्हा थकलेले असेल ते या महिन्यात भरून टाका. सवलतीची वाट बघत बसाल तर रोज दोनशे रुपये मोजाल.

शेवटची एक गोष्ट, "सीए बघतो" वाल्यांसाठी. प्रत्येक नमुना दाखल झाला की पावती निघते. तिच्यावर एसआरएन नावाचा क्रमांक, तारीख आणि भरलेली रक्कम असते. दोन नमुने, दोन पावत्या. त्या मागून घ्या, कंपनीच्या फाइलला लावा आणि सभेत वाचून दाखवा. संचालक म्हणून तुमच्या क्रमांकाची केवायसी झाली का तेही त्याच वेळी विचारा. ती राहिली तर क्रमांक बंद पडतो आणि चालू करायला माणशी पाच हजार लागतात. जेवणानंतर मी मांडवाच्या डाव्या बाजूला बसतो. ज्यांनी कंपनीचा नोंदणी क्रमांक आणला असेल त्यांनी यावे, काय काय थकले आहे ते संकेतस्थळावर तिथल्या तिथे पाहू.