वाळवंटांतला एक तांब्या

मॅट्रिक होऊन मीं मास्तरकी पत्करली, तेव्हांपासून निवृत्त होईपर्यंत छत्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविला. दर वर्षीं एक व्याख्या मी त्यांच्याकडून पाठ करून घेत असें : ‘जेथें पाऊस फार थोडा पडतो, अशा ओसाड प्रदेशास वाळवंट म्हणतात.’ वाळवंट मात्र मीं नकाशावरच पाहिलें होतें. गेल्या जानेवारींत तें प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. त्या प्रवासांत या व्याख्येंतला ‘ओसाड’ हा शब्द मला कां खोडावा लागला, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आम्ही तिघे होतों : मी, माझे एक जुने सहकारी आणि त्यांचा पुतण्या. जोधपूरहून रात्रीच्या गाडीनें निघून आम्ही पहाटे जैसलमेरला उतरलों. रावळ जैसल यानें ११५६ सालीं वसविलेलें हें शहर. पिंवळ्या दगडाचा त्याचा किल्ला उन्हांत सोन्यासारखा दिसतो. समच्या वाळूंत प्रवाशांची जत्राच भरते असें ऐकलें होतें, म्हणून आम्हीं वायव्येकडील रामगढचा रस्ता धरला. तें गांव सुमारें ६५ किलोमीटरांवर आहे. तेथें उंट व उंटवाला ठरविला आणि दोन रात्रींच्या मुक्कामाची तयारी करून आम्ही वाळूंत शिरलों.

वाळवंट म्हणजे सर्वत्र वाळूच वाळू, ही माझी पहिली समजूत तासाभरांतच गेली. कोठें खडकाळ माळ लागे, कोठें सेवण नांवाचें उंच गवत, कोठें फोगाचीं झुडपें. खेजडीचें झाड उंटवाल्यानें दाखविलें तेव्हां तर मी चकितच झालों. दसऱ्याला आपण जिची पूजा करतों, ती शमीच ती! तिच्या शेंगांना तेथें सांगरी म्हणतात आणि त्या सुकवून वर्षभर भाजीला वापरतात.

सूर्य मावळावयाच्या सुमारास उंटवाल्यानें मुक्कामाची जागा निवडली. टेकडीच्या माथ्यावर वारा लागतो आणि अगदीं तळाशीं थंड हवा उतरून सांठते, म्हणून त्यानें आडोशाचा मधला उतार पसंत केला. कोरड्या हवेंत व निरभ्र आकाशाखालीं वाळू दिवसा जितक्या लवकर तापते, तितक्याच लवकर रात्रीं निवते. हें मीं पुष्कळदां शिकविलें होतें. त्या रात्रीं दोन रजयांखालीं तें मला समजलें.

पण मुख्य गोष्ट त्या आधींची. दिवसभराच्या धुळीनें अंग चिकटलें होतें. जेवणापूर्वीं हातपाय धुण्याची मला जन्माची संवय. मीं पाण्याच्या कॅनमधून तांब्या भरून घेतला आणि पायांवर ओतला. समाधान झालें नाहीं, म्हणून आणखी एक ओतला. पाणी डोळ्यांदेखत वाळूंत नाहींसें झालें. उंटवाला चूल पेटवीत होता. त्यानें मान वर करून पाहिलें आणि पुन्हां लाकडांकडे वळला. बोलला कांहींच नाहीं.

बाजरीची भाकरी व केर-सांगरीची भाजी असें उत्तम जेवण झालें. नंतर त्यानें सगळीं भांडीं कोरड्या वाळूनें घांसलीं आणि फडक्यानें पुसलीं. भांडीं लख्ख झालीं. पाण्याचा एक थेंबहि खर्चला नाहीं. तेव्हां मला माझ्या दोन तांब्यांची आठवण होऊं लागली.

पहाटे जाग आली तों उंटवाला जागेवर नव्हता. एक उंटहि नव्हता. उजाडतांना तो एक कॅन भरून घेऊन परत आला.

“कोठें गेलां होतां, भाई?” मीं विचारलें.

“ढाणीवर गेलों होतों, मास्टरसाब. उद्यांला पाणी कमी पडलें असतें.”

“मग काल मला थांबविलें कां नाहीं?”

“पाहुण्याला पाण्याचा हिशेब सांगावयाचा नसतो.”

मीं त्याला ती ढाणी दाखविण्याची विनंती केली. ढाणी म्हणजे चारदोन झोंपड्यांची वस्ती. तेथें एक कुई होती. कुई म्हणजे अगदीं अरुंद तोंडाची विहीर. वर लांकडाचें झांकण. त्या भागांत वाळूच्या खालीं खडियाचा किंवा जिप्समचा थर असतो. पावसाचें पाणी वाळूंत झिरपतें व या थरावर अडतें. त्यामुळें तें खोलवरच्या खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं. आणि वरच्या वाळूमुळें उन्हानें उडूनहि जात नाहीं. ओलाव्याच्या रूपानें तें वाळूच्या कणांत टिकून राहतें. कुई खणली कीं हा ओलावा थेंबाथेंबानें तिच्या तळाशीं जमतो. तोंड रुंद केलें, तर तेंच पाणी तळाशीं पसरेल आणि त्यांत बादलीहि बुडणार नाहीं. अशा पाण्याला तेथें ‘रेजाणी’ म्हणतात. तलावांत वा टांक्यांत धरलेलें पावसाचें पाणी तें ‘पालर’, आणि खोल भूगर्भांतलें तें ‘पाताळ’. पाण्याला अशीं तीन नांवें ठेवणाऱ्या माणसांचा प्रदेश ओसाड कसा म्हणावा?

दिवसभरांत त्या कुईंतून कांहीं घागरीच मिळतात. त्यांतली एक घागर त्या घरच्या बाईनें आमच्या कॅनमध्यें ओतली होती. मीं पैसे पुढें केले. तिनें हात जोडून नाहीं म्हटलें.

श्रोतेहो, माझी नोकरी माणदेशांतल्या एका खेड्यांत झाली. उन्हाळ्यांत सकाळची शाळा असे. एक मुलगी रोज अर्धा तास उशिरा येई आणि मी तिला रोज दाराशीं उभी करीत असें. कारण मीं एकदांहि विचारलें नाहीं. ती पहाटेपासून पाण्याच्या रांगेंत असे, हें वर्ष संपल्यावर मला दुसऱ्यांकडून कळलें. वाळवंटाची व्याख्या मात्र तिनें बिनचूक म्हणून दाखविली होती. त्या कुईपाशीं उभा असतांना मला ती मुलगी आठवली, आणि मान वर होईना.

परतीच्या वाटेवर आम्हीं एक खडीन पाहिलें. खडकाळ उंचवट्यावरून वाहून येणारें पावसाचें पाणी सखल जागीं मातीच्या लांब बांधानें अडवितात; तें मुरलें कीं त्या ओलीवर गहूं व हरभरा पेरतात. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांनीं वाढविली. कुलधरासारखीं त्यांचीं गांवें एकोणिसाव्या शतकांत ओस पडलीं, पण खडिनें अजून पिकतात. जैसलमेरला वर्षाकांठीं सरासरी २०० मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं. आमच्या माणदेशांत याच्या दुपटीहून अधिक पडतो, आणि तरीहि दुष्काळाच्या सालीं आमच्या गांवांना टँकरची वाट पाहावी लागते. इंदिरा गांधी कालव्यानें हिमालयांतल्या नद्यांचें पाणी आतां जैसलमेर जिल्ह्यांत आणलें आहे. तें इष्टच झालें. पण दुरून येणारें पाणी दुसऱ्याच्या हातीं असतें, आणि अंगणांत पडलेला पाऊस आपल्या हातीं असतो. आमच्या गांवानें ही गोष्ट लक्षांत घेतली नाहीं, आणि गांवच्या मास्तरनें ती शिकविली नाहीं.

आपणांपैकीं कोणी त्या बाजूस गेल्यास थंडीच्या दिवसांत जावें, अंथरूण-पांघरूण भरपूर न्यावें, सकाळीं बूट झटकून घालावे. आणि पाण्याला हात लावण्यापूर्वीं उंटवाल्याला हिशेब विचारावा. तो आपण होऊन सांगणार नाहीं.

ती मुलगी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. हें भाषण तिच्या कानीं पडलें, तर तिनें एवढेंच समजावें कीं, मास्तरांना उशीर कशाला म्हणतात तें आतां कळलें आहे.