पडलेल्या उमेदवाराचे मनोगत

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन आणि १९८९ च्या दहावीच्या माझ्या सवंगड्यांनो,

माझी ओळख करून देताना 'संगणक क्षेत्रात नाव कमावलं' असं आत्ता सांगितलं गेलं. त्यात थोडी दुरुस्ती करतो. चार वर्षांपूर्वी मी एका निवडणुकीला उभा राहिलो आणि पडलो. आज तेच सांगणार आहे, बाकीचं सगळं ग्रुपवर येऊन गेलंय.

आपल्या वेळी शाळेत कॉम्प्युटर नव्हता. मी तो पहिल्यांदा पाहिला पॉलिटेक्निकला. चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी भद्रा मारुतीच्या देवळात जावं तसं! पुढे पुण्याला नोकरी लागली, तेव्हा कळलं की डॉक्टर-वकिलांसारख्या आमच्याही संस्था असतात. आपल्या देशातली जुनी संस्था म्हणजे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया, स्थापना १९६५. तिचे पहिले अध्यक्ष आर. नरसिंहन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी संगणक त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला. टीसीएसचे फकीरचंद कोहलीही पुढे तिचे अध्यक्ष होते. एवढी मोठी नावं घेतली म्हणून घाबरू नका. मी उभा होतो तो अशाच एका संस्थेच्या शाखेच्या अध्यक्षपदासाठी. मतदार तीनशेच्या आसपास, मानधन शून्य, आणि चहा-बिस्किटं बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून.

मत मागणं किती अवघड असतं! पहिले चार-पाच फोन मी नुसती हवापाण्याची चौकशी करून ठेवून दिले. शेवटी बायको म्हणाली, "अहो, कशासाठी फोन केलाय ते तरी सांगा त्यांना."

मग सांगू लागलो. एका तालुक्याच्या कॉलेजातले सर म्हणाले, "उभे राहा, पण एक सांगा. तुमची व्याख्यानं संध्याकाळी सातला सुरू होतात आणि आमची शेवटची एसटी साडेसातची. आम्ही वर्गणी कशाची भरायची?" मला आपण आठवलो. औरंगाबादला पिक्चर बघायचा आणि शेवट न बघताच खुलताबादच्या गाडीसाठी पळत सुटायचं. मी तिथल्या तिथे शब्द दिला की दर तिसरा कार्यक्रम तालुक्याला, रविवारी दिवसा आणि मराठीत. बाहेरगावच्या सभासदांना हे फार आवडलं. मी निवडून आल्यातच जमा, असं वाटायला लागलं.

अकरा मतांनी पडलो.

दुसऱ्या दिवशी त्या सरांचा फोन आला. "मतदानाची लिंक आलीच नाही हो." यादी काढून पाहिली. त्यांची वर्गणी थकली होती, म्हणून नाव वगळलेलं. मला हो म्हणणाऱ्यांपैकी असे सतरा जण निघाले. आता खरी गोष्ट ऐका. थकबाकीदारांना आठवण करून देण्याचं काम शाखेत दोन वर्षं माझ्याकडेच होतं! मी सगळ्यांना मिळून एक ईमेल टाकला होता आणि काम संपलं असं समजलो होतो. सरांना हे सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे आम्ही तुमच्या यादीतच नव्हतो."

त्या रात्री मला आपल्या बाई आठवल्या. सुलीभंजनहून येणारा कुणी तीन दिवस दिसला नाही की हजेरी मिटवून त्या म्हणायच्या, "जा रे, बघून ये." दोनदा मीच गेलो होतो. एकदा तो तापाने फणफणलेला होता, एकदा कापूस वेचत होता. बाई, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून हे बोलायला जड जातंय.

निवडून आलेला माणूस माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मनाने मोठा. सभासदांचं काम त्याने माझ्याकडेच ठेवलं. मग मी एकेकाला फोन लावले. काहींनी नोकरी सोडली होती, एक जण वारले होते आणि आमचं पत्रक मात्र त्यांच्या पत्त्यावर जातच होतं. तालुक्यातला पहिला कार्यक्रमही झाला. तेवीस माणसं आली, मध्येच लाईट गेली, आणि सरांनी फळ्यावर खडूने उरलेलं व्याख्यान पूर्ण करून घेतलं.

यंदा मी पुन्हा अर्ज भरलाय. निकाल पुढच्या महिन्यात आहे.

जाता जाता एक काम. आपल्या बॅचची यादी संयोजकांनी माझ्याकडे दिली आहे. एकोणीस जणांचा अजून पत्ता नाही. दाराशी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी ज्याला ज्याचा नंबर माहीत असेल, त्याने तो लिहून जावा.